एका प्रश्नाचे दोन शिक्षक

अकरावी-बारावीच्या पर्यावरण विषयाची प्रकल्पवही महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी साधारण सारखीच दिसते. रंगीत मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष आणि अगदी शेवटी ‘संदर्भ’. या शेवटच्या पानावर बहुधा तीनच शब्द असतात: गूगल, विकिपीडिया, यूट्यूब. आतला मजकूर सुबक अक्षरात उतरवलेला असतो, चित्रे कापून चिकटवलेली असतात आणि गावाशेजारच्या नदीबद्दल लिहिताना निरीक्षणांच्या पानावर गंगा-यमुनेची आकडेवारी आलेली असते, कारण जिथून मजकूर उतरवला तिथे तीच होती. वही तपासली जाते, गुण पडतात आणि यथावकाश ती रद्दीत जाते. विद्यार्थ्याने फसवणूक केली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्याला ‘जलप्रदूषण’ एवढाच विषय दिला होता. त्या विषयावर जगात भरपूर लिहून ठेवलेले आहे आणि त्यातले थोडे त्याने आणून दिले. जे मागितले तेच मिळाले.

माहिती साक्षरतेची चर्चा सहसा विद्यार्थ्याच्या आळसापासून किंवा मोबाइलच्या नादापासून सुरू होते. या पुस्तकाची सुरुवात वेगळ्या ठिकाणी आहे: विद्यार्थ्याला दिलेल्या प्रश्नापाशी. माहिती शोधणे, ती कुणी, कधी आणि कशासाठी तयार केली हे ओळखणे, दोन साधनांत विरोध आला तर वाट काढणे आणि शेवटी कुणाचे काय घेतले ते सांगून स्वतःचे म्हणणे मांडणे, ही कौशल्ये ग्रंथालयाच्या तासाला सुटी शिकवता येत नाहीत आणि विषयाच्या तासाला आपोआप येत नाहीत. ज्या स्वाध्यायाला त्यांची गरज पडते, तो स्वाध्याय करतानाच ती अंगी लागतात. तसा स्वाध्याय रचायचा तर विषय जाणणारा शिक्षक आणि साधने जाणणारा ग्रंथपाल यांनी प्रश्न मिळून ठरवला पाहिजे, शोधाच्या वाटेवर दोघांनी हजर राहिले पाहिजे आणि गुण देतानाही दोघांचा शब्द असला पाहिजे. पुढच्या सर्व प्रकरणांचा गाभा हाच आहे. वरवर पाहता हे कुणालाही पटावे असे आहे. तरी प्रत्यक्षात ते फार थोड्या ठिकाणी घडते. असे का होते आणि ते घडवण्याचा आग्रह का धरायचा, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

या विषयाचा जन्म शाळेत झालेला नाही. पॉल झुर्कोव्स्की हे अमेरिकेतल्या माहिती उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी १९७४ साली तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालय आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात माहिती साक्षरता ही कल्पना मांडली. त्यांच्या डोळ्यांसमोर कामाच्या ठिकाणी माहितीची साधने वापरणारा माणूस होता. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या समितीने १९८९ साली तिला शिक्षणाच्या चौकटीत आणले. पुढे २००३ची प्रागची आणि २००५ची अलेक्झांड्रियाची घोषणा यांनी ती आयुष्यभराच्या शिक्षणाशी आणि नागरिकाच्या हक्कांशी जोडली. मात्र या नावाच्या आधीपासून काही जण हेच काम करत होते. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या मॉन्टीथ महाविद्यालयात पॅट्रिशिया नॅप यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यासक्रमातच ग्रंथालयाचे स्वाध्याय गुंफण्याचा प्रयोग केला. इंडियानातल्या अर्लहॅम महाविद्यालयात इव्हान फार्बर या ग्रंथपालाने तीन दशके प्राध्यापकांच्या बरोबरीने तेच चालवले. दोघांच्या कामातून निघणारा धडा एकच आहे. विद्यार्थ्यांना ग्रंथालय फिरवून दाखवल्याने काही साधत नाही. त्यांच्या हातात असा प्रश्न असावा लागतो, जो ग्रंथालयाशिवाय सुटणार नाही. आणि असा प्रश्न प्राध्यापकाने मनापासून आपला मानला नाही, तर ग्रंथपालाची सगळी तयारी वाया जाते.

आपल्याकडे शाळा आणि ग्रंथालय यांची सांगड घालण्याचा विचार त्याहून जुना आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभी करायला घेतली. शाळेत शिकलेले अक्षर वाचायला काही मिळाले नाही तर पुसले जाते, हे त्यामागचे साधे कारण होते. शाळा आणि ग्रंथालय ही एकाच धोरणाची दोन अंगे होती. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी ते गणित शिकवत होते. वाचकाची आणि त्याला हव्या असलेल्या पुस्तकाची गाठ घालून देणे हे ग्रंथालयाचे काम मानणाऱ्या त्यांच्या सूत्रांमागे वर्गात उभे राहिलेला शिक्षक आहे, हे विसरून चालणार नाही. पुढे मात्र ही सांगड सुटली. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदानाचा आधार मिळाला, ही मोठीच गोष्ट. पण ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आणि शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, अशी विभागणी राहिली. गावातले वाचनालय आणि गावातली शाळा यांच्यामध्ये एक गल्ली असते. त्यांच्या फायली मात्र वेगवेगळ्या विभागांत फिरतात. शाळेच्या आतही तेच. ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात असतो. त्या तासाला पुस्तके बदलून मिळतात किंवा रजेवर गेलेल्या शिक्षकाचा तास तिथे भरतो.

शिक्षक आणि ग्रंथपाल दोघेही लागतात, या म्हणण्याला पुरावा काय? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅग्रू यांनी केलेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यांनी तीन प्रकारच्या वाचकांना संकेतस्थळांची विश्वसनीयता पारखायला सांगितली: दहा पीएच.डी. झालेले इतिहासकार, दहा व्यावसायिक पडताळणीकार आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना समोर होत्या. एक देशातली प्रमुख व्यावसायिक संघटना, दुसरी सामाजिक मतभेदांतून फुटून निघालेला छोटा गट. नावे जवळजवळ सारखी, दोन्ही संकेतस्थळे सारखीच टापटीप. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकार त्या पानावरच रेंगाळले. मांडणी, बोधचिन्ह, लेखाखालची संदर्भसूची पाहून त्यांनी मत बनवले आणि त्यांतले अनेक जण चकले. पडताळणीकारांनी पान जेमतेम पाहिले, लगेच दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी शोधले. ते कमी वाचून लवकर आणि बरोबर निष्कर्षावर आले. आयुष्यभर कागदपत्रांची चिकित्सा करणारा इतिहासकारही नव्या माध्यमात अडखळतो, म्हणजे विषयाचे ज्ञान आणि साधनाचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थात उलटही खरे आहे. संघटना खरी की खोटी एवढे ओळखून थांबले तर विषय कळत नाही. बालआरोग्याबद्दल तिने केलेला दावा तपासायला विषयाचाच जाणकार लागतो.

दुसरा पुरावा आपल्या अधिक जवळचा आहे आणि अफवा ओळखायला शिकण्याची गरज का आहे तेही आपल्याला ठाऊक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारे समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारले. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या अफवांबरोबर एक चित्रफीत होती: मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेणारे दोघे. ती मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या प्रचाराची फीत होती. मूल परत आणून सोडल्याचा आणि संदेशाचा शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता. त्यानंतर असे संदेश ओळखायला लोकांना शिकवावे, ही मागणी जोर धरू लागली. शिकवल्याने काय होते? राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये सुमारे बाराशे लोकांवर एक प्रयोग केला. तासाभराचे प्रशिक्षण दिले, आणि खोटी बातमी ओळखण्याच्या क्षमतेत एकंदर लक्षणीय फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच दुसरा, मोठा प्रयोग केला. ५८३ गावांतल्या १३,५०० हून अधिक विद्यार्थ्यांसाठी, राज्य शासनाच्या ग्रंथालयांत, शिक्षकांनी घेतलेले वर्ग. तेही १४ आठवड्यांत पसरलेली चार सत्रे. या वेळी आरोग्यविषयक खऱ्याखोट्याचा निवाडा करण्याची मुलांची क्षमता वाढली आणि चार महिन्यांनंतरही ती टिकून होती. शिक्षक-ग्रंथपाल सहकार्य हा या प्रयोगाचा विषय नव्हता, त्यामुळे त्याच्याकडून त्याहून जास्त वदवून घेऊ नये. पण वर्षातून एकदा होणारे ‘ग्रंथालय परिचय’ किंवा ‘फेक न्यूज जनजागृती’चे व्याख्यान पुरत नाही आणि वर्गाची शिस्त व ग्रंथालयाची जागा एकत्र आली, काम सलग चालले तर फरक पडू शकतो, एवढे त्यातून नक्की निघते.

आता हे सहकार्य कागदावरून वर्गात उतरते तेव्हा कसे दिसते, ते एका उदाहरणाने पाहू. नववीच्या वर्गाला पुण्यातला शिक्षक ‘पानशेतचा पूर’ असा विषय देतो. पहिल्याच शोधात मुलाला तयार उत्तर मिळते: १२ जुलै १९६१, पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे गेले, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मूल हे उतरवून मोकळे होते. शिक्षक आणि ग्रंथपाल एकत्र बसले तर तोच विषय असा मांडता येतो: ‘धरण फुटल्याची बातमी पुण्यात कुणाला, केव्हा आणि कशी कळली? निदान तीन प्रकारच्या साधनांवरून लिहा. साधनांत फरक आढळला तर तो दाखवा आणि तुम्हाला कोणते अधिक भरवशाचे वाटते ते कारणासह सांगा.’ या प्रश्नाचे उत्तर एका पानावर तयार नाही. शिक्षकाला ठाऊक आहे की नववीच्या मुलाला आंबी आणि मुठा या नद्यांचा नकाशा आधी समजावून द्यावा लागेल, घटनाक्रम तासांत मांडायला शिकवावे लागेल. ग्रंथपालाला ठाऊक आहे की त्या जुलैची वर्तमानपत्रे कुठे बांधीव स्वरूपात आहेत, न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांच्या चौकशी आयोगांची नावे घेऊन काय शोधायचे, पुराच्या आठवणी कोणत्या प्रकारच्या पुस्तकांत आणि दिवाळी अंकांत सापडतील.

खरे शिक्षण सुरू होते ते ही साधने शेजारी शेजारी ठेवल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र गोंधळातच छापलेले असते. आयोगाचे काम जबाबदारी ठरवण्याचे, म्हणून वेळांचा कीस तिथे निघतो. साक्षीदारालाही आपली बाजू असते. पन्नास वर्षांनी सांगितलेली आठवण जिवंत असते, पण तोवर तिच्यात इतरांच्या आठवणी मिसळलेल्या असतात. विश्वकोशातली नोंद थोडक्यात असते, कारण तिचे कामच तसे. प्रत्येक साधन कोणत्या गरजेतून जन्मले हे ओळखणे म्हणजेच माहिती साक्षरता, आणि ते इथे कुठल्याही व्याख्येशिवाय शिकवून होते. मुलाने उत्तरासोबत शोधाची नोंद द्यायची: कुठे शोधले, कोणते शब्द वापरून, काय मिळाले, काय सोडले आणि का. वीस गुणांपैकी सात-आठ गुण या नोंदीला ठेवावेत आणि ते ग्रंथपालाशी बोलून द्यावेत, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. कारण शाळेत कुणालाही विचारा: ज्याला गुण नाहीत ते मुले करत नाहीत, आणि ज्याच्या गुणांत ग्रंथपालाचा शब्द नाही, त्या कामासाठी त्याच्याकडे कुणी जात नाही.

मराठीत शोध घेणाऱ्याला ग्रंथपालाची गरज इंग्रजीत शोधणाऱ्यापेक्षा जास्त आहे. याचे कारण भावनिक नाही, तांत्रिक आहे. युनिकोड रुळण्याआधीचा संगणकावरचा कितीतरी मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत अडकलेला आहे. डोळ्यांना तो मराठी दिसतो, शोधयंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरे असतात. जुनी पुस्तके आणि मासिके स्कॅन करून चढवली गेली आहेत, पण त्यांतली बरीच नुसती चित्रे आहेत, त्यांच्या आतला शब्द सापडत नाही. भर म्हणून ऱ्हस्व-दीर्घाचे बदललेले नियम, अनुस्वारांचे जुने लेखन, एकाच गावाच्या नावाच्या तीन तऱ्हा. म्हणून मुलाने ‘नेटवर काहीच नाही’ असे सांगितले की त्याचा अर्थ एवढाच असतो की त्याच्या शब्दाला काही सापडले नाही. अशा वेळी शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची केलेली ग्रंथसूची, किंवा वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला आणि आता संगणकावरही उपलब्ध असलेला मराठी विश्वकोश ही साधने पुढे करणारा माणूस लागतो. विषयशिक्षकाला ती सगळी ठाऊक असावीत ही अपेक्षा रास्त नाही. ग्रंथपालाचे मात्र तेच काम आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळे कालबाह्य झाले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला मराठीत विचारले तरी ते उत्तर लिहून देते, संदर्भांसकट. संदर्भांसकट देते, हीच अडचण आहे. न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले न्यायनिर्णय सादर केले. नावे, क्रमांक, अवतरणे सगळे होते. ते निकाल मात्र कधी दिलेच गेले नव्हते. वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. ते वकील कायद्याचे पदवीधर होते. निकालसंग्रहात जाऊन ते निकाल आहेत का, हे पाहण्याची एक पायरी त्यांनी गाळली. यंत्राचे उत्तर जितके सफाईदार होईल तितकी ही पायरी गाळण्याचा मोह वाढेल. म्हणून यंत्र वर्गाबाहेर ठेवा असे हे पुस्तक म्हणत नाही. उलट एका प्रकरणातला स्वाध्याय असा आहे की यंत्राने दिलेल्या उत्तरातला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात जाऊन शोधायचा आणि सापडला, सापडला नाही, सापडला पण तसे म्हणत नाही, असे तीन रकाने भरायचे. असा स्वाध्याय ग्रंथपालाशिवाय देता येत नाही आणि विषय माहीत नसेल तर तिसरा रकाना भरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो या क्षेत्राच्या हितचिंतकांकडूनच आला आहे. माध्यमांच्या अभ्यासक डॅना बॉइड यांनी २०१८ साली असा मुद्दा मांडला की मुलांना प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायला शिकवले की ती कुणावरच विश्वास ठेवेनाशी होतात, आणि असा माणूस अफवा पसरवणाऱ्यांचे सोपे सावज असतो. हे खरे आहे. लसीबद्दल ‘मी स्वतः संशोधन केले’ असे सांगणाऱ्याने शंका घ्यायला कमी केलेले नसते. याचे उत्तर मराठी इतिहासलेखनात सापडते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो पानिपतापर्यंतच्या दशकातल्या पत्रांचा. बखरींवर विसंबून इतिहास लिहू नये, समकालीन पत्र हाती असताना मागाहून रचलेल्या बखरीला प्रमाण मानू नये, हा त्यांचा आग्रह होता. पण त्या परंपरेतल्या अभ्यासकांनी बखरी जाळल्या नाहीत. तारीख आणि फौजेचा आकडा पत्रातून घ्यायचा, आणि पुढच्या पिढीने त्या घटनेकडे कसे पाहिले हे बखरीतून, असा विवेक त्यातून रुजला. कोणत्या साधनावर कोणत्या बाबतीत किती भरवसा ठेवायचा, हे शिकवणे म्हणजे शंका शिकवणे नाही. पानशेतच्या स्वाध्यायातला शेवटचा भाग, ‘कोणते अधिक भरवशाचे वाटते ते कारणासह सांगा’, हा म्हणूनच ऐच्छिक ठेवलेला नाही. शंकेवर थांबणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण नाहीत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आणि शिक्षकांच्या तोंडून सर्वांत जास्त ऐकू येणारा: वेळ कुठे आहे आणि ग्रंथपाल कुठे आहे? अभ्यासक्रम संपता संपत नाही. ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरते. पुष्कळ शाळांत ते अर्धवेळ असते, लहान शाळांत नसतेच, आणि कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे जादा काम म्हणून असते. वेळेबद्दलचे उत्तर सोपे आहे. नवा विषय, नवा तास, नवी वही यांतले काही इथे मागितलेले नाही. प्रकल्प, अंतर्गत मूल्यमापन, उपक्रम हे सगळे आजही होते; त्याच वेळात, त्याच गुणांत वेगळा प्रश्न विचारायचा आहे. माणसांच्या टंचाईला इतके सोपे उत्तर नाही आणि एखादे पुस्तक ती भरून काढेल असा दावाही करू नये. पदे भरणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती तशीच म्हटली पाहिजे. तोवर एक वाट मोकळी आहे. महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांची शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये हजारोंच्या संख्येने आहेत, पुष्कळ तालुक्यांच्या गावी शंभरी गाठलेली वाचनालये आहेत. दुपारी त्यांची टेबले बहुधा रिकामी असतात. शाळेने वाचनालयाच्या ग्रंथपालाला प्रश्न ठरवताना बोलावले, तर त्याला मुले मिळतात आणि शाळेला साधने. बिहारमधला प्रयोगही असाच उभ्या असलेल्या ग्रंथालयांच्या आधाराने झाला.

महाविद्यालय आणि विद्यापीठ पातळीवर ग्रंथपाल आहेत, साधने आहेत, तरी अडचण तीच आहे आणि तिथे ती अधिक स्पष्ट दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, पुढे चढत्या पायऱ्यांनी कारवाई. प्रबंध सादर करण्याआधी तो संगणकावर तपासून टक्केवारीचा दाखला देण्याचे काम बऱ्याच ठिकाणी ग्रंथालयाकडे आले. म्हणजे संशोधनाच्या पहिल्या दिवशी, प्रश्न घडत असताना ग्रंथपाल नसतो. चार-पाच वर्षांनी, सगळे लिहून झाल्यावर तो दाखला देणारा म्हणून येतो. मग विद्यार्थी शिकतो ते शब्द फिरवून टक्केवारी खाली आणायला. याउलट वैज्ञानिक आणि ग्रंथालयशास्त्राचे जाणकार सुरुवातीपासून एकत्र आले तर काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा करणारा अभ्यास २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. भूषण पटवर्धन यांच्यासारखे वैज्ञानिक आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागातल्या शुभदा नगरकर त्यात एकत्र होते. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या आणि इतरत्र सूचीबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके काढली. पुढे आलेली सुधारित यादीही २०२५ साली आयोगाने थांबवली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. चांगले नियतकालिक ओळखण्याचा विवेक यादीकडे सोपवता येत नाही. तो मार्गदर्शक आणि ग्रंथपाल यांनी मिळून विद्यार्थ्यात रुजवावा लागतो.

या सगळ्यांच्या मुळाशी एक अडचण आहे, जिचा उच्चार बैठकांत होत नाही: मानाची उतरंड. शाळेत ग्रंथपालाला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात, पण शिक्षकसभेत त्याला विचारले जाते ते पुस्तकांच्या हिशेबाबद्दल. शिक्षकाला वाटते, माझ्या विषयात याने का बोलावे. ग्रंथपालाला वाटते, बोलावल्याशिवाय का जावे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. विषयाची शेवटची जबाबदारी शिक्षकाचीच असते. ग्रंथपालाने इतिहास शिकवायला घेतला तर मुलांचे नुकसानच होईल. म्हणून हे पुस्तक दोघांना एकमेकांची कामे करायला सांगत नाही. पानशेतचा नकाशा शिक्षकाने समजवावा, बांधीव अंक ग्रंथपालाने उघडून दाखवावेत, आणि दोन साधनांतला विरोध वाचताना मात्र दोघे समोर असावेत. तो क्षण कुणा एकाच्या अखत्यारीत बसत नाही. मुख्याध्यापकाने तेवढ्यापुरता जरी दोघांचा तास जुळवून दिला, तरी निम्मे काम होते.

या पुस्तकातले स्वाध्याय जसेच्या तसे वापरू नयेत, ही शेवटची सूचना. पुण्याबाहेरच्या शाळेने पानशेत घेण्याचे कारण नाही. मराठवाड्यातल्या शाळेसमोर ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप आहे. त्याची वर्तमानपत्रे, शासकीय अहवाल आणि पुनर्वसनात हयात घालवलेली माणसे हाताशी आहेत. गोव्यातल्या शाळेला १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल आहे. विलीनीकरणाच्या बाजूचा ‘गोमन्तक’ आणि विरोधातला ‘राष्ट्रमत’ ही दोन्ही दैनिके मराठीतच होती. एकाच दिवसाचे दोन्ही अंक मुलांपुढे ठेवले तर छापील शब्दामागची बाजू ओळखण्याचा याहून चांगला पाठ शोधून सापडणार नाही. तसे अंक कुठे मिळतील हे तिथल्या ग्रंथपालाला विचारावे, आणि त्यांतून नववीला काय झेपेल हे तिथल्या शिक्षकाने ठरवावे. एका सत्रात एकच स्वाध्याय, पण प्रश्नाचा मसुदा दोघांनी मिळून लिहिलेला आणि गुणांची विभागणी आधी जाहीर केलेली: सुरुवात एवढ्यानेच करावी. त्यातून मुलांनी आणलेली उत्तरे एकसारखी आली, तर प्रश्न पुन्हा लिहावा. वेगवेगळी आली आणि प्रत्येकाला आपले उत्तर का वेगळे आले ते सांगता आले, तर पुढच्या सत्रासाठी दुसरा प्रश्न घेऊन दोघांनी पुन्हा बसावे.